कुसळाचा तिसरा खंड

दुभाषेकाका पहिल्यांदा आमच्या प्रकाशनात आले, तेव्हा मालकांनी त्यांना अर्धा तास बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवलं होतं. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत हाताने लिहिलेले चारशे कागद. मी तिथली मुद्रितशोधक, म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढणारी. माझं टेबल त्या बाकाला लागून असल्यामुळे येणारा-जाणारा आधी माझ्याशीच बोलतो. त्यांनी मला विचारलं, "बाई, इथे चोराच्या गोष्टी छापतात का?"

"कसल्या चोराच्या?"

"चांगला चोर आहे. म्हणजे चोरी चांगली करतो. माणूस म्हणून तुमच्या-माझ्यासारखाच."

मला हसू आलं. ते मात्र गंभीर होते.

दुभाषे हे त्यांचं आडनाव नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी एका अवजड यंत्रांच्या कारखान्यात दुभाष्याचं काम केलं होतं. यंत्रं रशियन, ती बसवायला आलेले इंजिनिअर रशियन, आणि यंत्रांबरोबर आलेली जाडजूड माहितीपुस्तकंही रशियन. कुठला बोल्ट किती घट्ट पिळायचा हे कामगारांना कळायचं ते काकांच्या तोंडून. मग ती यंत्रं जुनी झाली, भंगारात निघाली आणि त्यांच्या मागोमाग काकाही निघाले. घरी परतणाऱ्या शेवटच्या इंजिनिअरने आपली खोली रिकामी करताना पुस्तकांचं एक खोकं त्यांच्या दारात ठेवलं. त्यात ही कादंबरी होती.

तीन खंडांची, एकेक खंड उशाला घ्यावा एवढा. एका राज्यात हिवाळा संपायचं नाव घेत नाही. पूर्वी त्याला कुलूप घालून ठेवायची एक किल्ली होती. ती हरवल्यापासून तो मोकाट सुटलाय. किल्ली आहे उत्तरेकडच्या एका मेलेल्या शहरात, मेलेल्यांच्याच पहाऱ्यात. मोठमोठे सरदार तिकडे गेले ते परत आले नाहीत. शेवटी राजाचे लोक तुरुंगातून एका भुरट्या चोराला बाहेर काढतात आणि सांगतात, फासावर जायचं नसेल तर ती किल्ली चोरून आण. त्याच्याबरोबर एक पळपुटा शिपाई आणि एक बहिरी चेटकीण. बास, एवढंच सैन्य.

त्या चोराला मूळ पुस्तकात एक टोपणनाव आहे. रशियनमध्ये त्याचा अर्थ बोटात घुसलेली लाकडाची बारीक सल, आणि शिवाय सारखा टोचून बोलणारा माणूस. काका महिनाभर अडले होते. 'सल' म्हटलं तर रडकं वाटतं, 'काटा' म्हटलं तर गुंड वाटतो. एका सकाळी काकू कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "कुसळ म्हणा की. दिसत नाही, पण कुठेही शिरतं." काकांनी हातातला कप खाली ठेवला आणि तिथल्या तिथे पहिल्या पानावर लिहिलं: कुसळ.

मालकांनी पुस्तक घेतलं. रीतसर परवानगी आली, करार झाला. दोन वर्षांत दोन खंड निघाले. दोन्हींचं मुद्रितशोधन माझ्याकडे होतं, त्यामुळे शंका विचारायला माझं त्यांच्या घरी जाणं-येणं सुरू झालं. तिसरा मजला, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलावर चार शब्दकोश आणि एक मोडकं कुलूप. ते कुलूप म्हणजे कारखान्याची सवय. चोर कुलूप कसं उघडतो हे पुस्तकात पानभर होतं, आणि काकांना न समजलेलं वाक्य लिहिता येत नसे. म्हणून ते चौकातल्या किल्ल्या बनवणाऱ्याकडे गेले आणि म्हणाले, "मला तारेने कुलूप उघडायला शिकवा." त्याने त्यांच्या पिकल्या केसांकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, या वयात?" तरी शिकवलं त्याने. काका आठवडाभर रोज जात होते. काकू सांगायच्या, "एक दिवस आमच्याच दाराचं कुलूप उघडायला गेले आणि तार आत मोडली. दोन तास आम्ही दोघं जिन्यात बसून होतो."

काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. आवाज घासलेल्या भांड्यासारखा लख्ख. रशियनचा एक शब्दही त्यांना येत नव्हता, पण गोष्ट त्यांनीच आधी ऐकलेली असायची. काका दुपारी लिहीत आणि संध्याकाळी काकूंना वाचून दाखवत. "शिपायाला मारलं तर मी पुढचं ऐकणार नाही," अशी धमकी त्यांनी दिली होती. दुसऱ्या खंडाच्या शेवटी शिपाई बर्फात हरवतो. काकू दोन दिवस काकांशी धड बोलल्या नाहीत.

तिसरा खंड सुरू करायच्या सुमाराला काकांचे डोळे गेले.

अगदी आंधळे नाही झाले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग निकामी होत चाललाय, कडेकडेचं दिसत राहील. म्हणजे भिंत दिसे, भिंतीवरचं घड्याळ दिसत नसे. माणूस समोर आला की कान आणि खांदे दिसत, चेहऱ्याच्या जागी करडा डाग. आणि अक्षर तर नेमकं मधेच असतं. "आता वाचन विसरा," डॉक्टर म्हणाले. काकांनी विचारलं, "किती दिवस?" डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं.

मी भेटायला गेले तेव्हा ते टेबलाशी बसले होते. पुस्तक उघडं होतं. ते मान तिरकी करून, पान कानाजवळ धरून वाचायचा प्रयत्न करत होते. लांबून वाटावं, पुस्तक ऐकताहेत.

"शोधकबाई," ते म्हणाले, "सबंध सकाळ घालवली आणि तीन ओळी झाल्या. या हिशेबाने कुसळ त्या शहरात पोचेपर्यंत मी शंभरी ओलांडलेली असेन."

मी तोंडदेखलं काहीतरी बोलले. काकू आतून पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "अक्षरं किती असतात हो तुमच्या रशियनला?"

"तेहतीस."

"मग एवढं काय त्यात? मी नंबर जोडायची तेव्हा कोण कुणाशी काय बोलतंय हे मला कुठे कळायचं? मी वाचते, तुम्ही समजा."

मला ती थट्टा वाटली. पण पुढच्या वेळी गेले तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता लागलेला. तेहतीस अक्षरं काळ्या पेनने मोठी काढलेली, प्रत्येकाखाली देवनागरीत उच्चार. त्यातल्या काहींनी काकूंना फार छळलं. इंग्रजी 'पी'सारखं दिसणारं अक्षर 'र' आहे आणि 'एच'सारखं दिसणारं 'न', हे त्यांच्या जिभेला पटेना. एका स्वराला तर आपल्याकडे चिन्हच नाही. काका म्हणाले, "पोटात गुद्दा बसला की जो आवाज निघतो, तो." काकू म्हणाल्या, "मग तो मला रोजच येतो, तुमच्याबरोबर राहून."

तीन महिन्यांत त्या वाचायला लागल्या. सकाळची कामं उरकली की खिडकीपाशी बसायचं. काकू एकेक वाक्य वाचणार, अर्थ शून्य, आवाज लख्ख. काका डोळे मिटून ऐकणार, पुन्हा वाचायला लावणार, मग मराठी सांगणार. ते काकू वहीत उतरवणार. म्हणजे वाक्य आधी त्यांच्याच तोंडून निघायचं आणि गोष्ट मात्र त्यांना मागाहून कळायची. मी एकदा बाजूला बसून पाहिलं. काकूंनी एक लांबलचक वाक्य अडखळत वाचलं, काकांनी ते पुन्हा वाचायला लावलं आणि मग म्हणाले, "शिपाई जिवंत आहे." काकूंच्या हातातून पुस्तक पडलं. "मी वाचलं ते? मी?"

काम मुंगीच्या पावलांनी चाले. रशियन शब्दात जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा हे छापलेलं नसतं, आणि जोर बदलला की अर्थ बदलतो. 'झामक' म्हटलं तर किल्ला, 'झमोक' म्हटलं तर कुलूप, लिहायचं दोन्ही सारखंच. काकू सगळीकडे सपाट वाचणार. चोराच्या गोष्टीत किल्ले आणि कुलपं ढिगाने. एक अख्खं पान कुसळ किल्ल्याच्या भिंतीवर चढतोय असं काकांनी सांगितलं, आणि पुढच्या पानावर लक्षात आलं की तो एका पेटीचं कुलूप उघडतोय. पान फाडून पुन्हा लिहिलं. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं हसू.

सात महिन्यांत अकरा प्रकरणं झाली. एकूण होती सव्वीस.

इकडे या सात महिन्यांतच करारातली मुदत संपत आली होती. ठरल्या तारखेच्या आत तिसरा खंड निघाला नाही तर तिन्हींचे हक्क जाणार होते. मालक दोनदा काकांच्या घरी जाऊन आले, काकूंना वाचताना पाहिलं, कौतुक केलं, चहा घेतला. परत आल्यावर मला म्हणाले, "बघवत नाही. आणि आपल्याला परवडतही नाही." मग त्यांनी कुठून तरी त्याच कादंबरीचं इंग्रजी भाषांतर मिळवलं, त्याचे चार तुकडे केले आणि चार जणांना मराठी करायला वाटले. सहा आठवड्यांत तिसरा खंड माझ्या टेबलावर.

त्या चौघांच्या कागदांत कुसळाचं नाव 'स्प्लिंटर' होतं. चौघांपैकी एकानेही पहिले दोन खंड उघडून पाहिले नव्हते. बहिरी चेटकीण एका तुकड्यात मुकी होती, तर एका तुकड्यात घडाघडा बोलत होती. दोन प्रकरणं गायबच. मालकांनी सांगितलं, "नाव तेवढं सगळीकडे बदलून घ्या आणि शुद्धलेखन बघा. बाकी कुणी बघत नाही." मी बदललं. शुद्धलेखन बघितलं. एक चूक राहू दिली नाही.

शेवटी मुखपृष्ठाच्या आतलं पान आलं. त्यावर अनुवादक म्हणून दुभाषेकाकांचं नाव होतं.

मी मालकांकडे गेले. "हे त्यांनी केलेलं नाही."

"करारात अनुवादक म्हणून त्यांचंच नाव आहे. थेट रशियनमधून, असं लिहून दिलंय आपण. दुसरं नाव घातलं तर मूळ प्रकाशक विचारतील."

"त्यांना सांगितलंत?"

"सांगेन ना."

ते सांगणार नाहीत हे मला माहीत होतं. मी सांगू शकले असते. त्यांचं घर आमच्या ऑफिसपासून पायी वीस मिनिटांवर. मी ते पान मंजूर करून खाली सही केली आणि काकांकडे जायचंच बंद केलं. आज डोकं दुखतंय, उद्या पाहुणे आहेत, असं स्वतःलाच सांगत राहिले. दोन महिने गेले.

पुढचं मला काकूंनी नंतर सांगितलं. कुरिअरने खोकं आलं तेव्हा ती दोघं बाराव्या प्रकरणात होती. काका म्हणाले, "पहिल्या खंडाची नवी आवृत्ती काढली असेल, बघ." काकूंनी एक प्रत काढली, वर तीनचा आकडा पाहिला, उघडली, काकांचं नाव वाचलं. त्यांना वाटलं चुकून कोरी पानं बांधून पाठवली. मग पहिलं प्रकरण वाचायला लागल्या. अर्ध्या पानात काका म्हणाले, "थांब. हे कुणी लिहिलंय?"

"तुम्हीच," काकू म्हणाल्या. "म्हणजे, तसं छापलंय."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दोघं ऑफिसात आली. काकांचा हात काकूंच्या खांद्यावर. इस्त्रीचा शर्ट, बहुधा कारखान्यातला. मी टेबलापासून उठले आणि उभीच राहिले. मालक बाहेर येऊन "अरे वा, काका!" म्हणाले.

काका आवाजाच्या दिशेने वळले. "माझं नाव काढा."

"बसा तर खरं."

"बसत नाही. नाव काढा."

"काका, छापून झालंय. दुकानांत गेलंय. आणि लोक तुमच्या नावावरच घेतात हो, हा मानच आहे तुमचा."

"मी आंधळा झालोय," काका म्हणाले, "मेलेलो नाही. अकरा प्रकरणं झालीत माझी. ही बाई पाठ दुखेपर्यंत वाचते. तुम्ही आमच्या घरी चहा पिऊन गेलात."

मालक खाली बघत म्हणाले, "मुदत होती. मी तरी काय करू?"

काका म्हणाले, "शुद्धलेखन कुणी केलं?"

मी तिथून चार हातांवर होते. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता. मी तोंड उघडलं नसतं तर मी तिथे आहे हेही कळलं नसतं. मी तोंड उघडलं नाही. मालकही गप्प राहिले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं रोखून, वेळ घेऊन पाहिलं. मग काकांना म्हणाल्या, "चला, घरी जाऊ."

नाव निघालं नाही. महिन्याभराने वाचकांची पत्रं यायला लागली. एका शाळामास्तरांनी लिहिलं होतं, पहिले दोन खंड मी वर्गात वाचून दाखवले. तिसऱ्यात तुम्हाला झालं तरी काय? कंटाळलात का? ती पत्रं ऑफिसातून त्यांच्या घरी जात आणि काकू ती वाचून दाखवत. न वाचून करणार काय? काका विचारायचेच, "टपाल आलं का?" एकाही पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही.

बारावं प्रकरण तसंच राहिलं. काकू म्हणाल्या, लोकांसाठी नाही तर नाही, माझ्यासाठी सांगा. मी वाचते. शिपाई सापडला, पण पुढे काय? काका म्हणाले, "छापलंय की. ते वाच." त्यानंतर काकूंनी पुन्हा विचारलं नाही. काका खिडकीकडे पाठ करून बसायला लागले. कारखान्यातला एखादा जुना सोबती आला तर त्यालाही हो-नाही एवढंच. मुलगी दुसऱ्या गावाहून फोन करायची, तर फोन काकूंकडे द्यायचे.

मी गेले, पण चार महिने उलटल्यावर. वाटभर माफीचे शब्द घोकत गेले. काकूंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

"काका, मी आलेय. ते शुद्धलेखन—"

"माहीत आहे," काका म्हणाले. "हिने तीन प्रकरणं वाचून दाखवली. मी विचारलं, चुका किती? म्हणाली, एकही नाही. ऱ्हस्व-दीर्घ नाही, काना-मात्रा नाही. मग तुमच्याशिवाय कोण?"

"मी सांगायला हवं होतं तुम्हाला."

"हो."

एवढंच. मी वाट पाहिली की ते चिडतील, निदान टोचून बोलतील. मी म्हणाले, "मी रोज येते. काकू वाचतील, मी लिहून घेते. पूर्ण करू. कुठेतरी दुसरीकडे छापू."

"तिसरा खंड माझ्या नावावर निघालाय, शोधकबाई. एकाच माणसाने एकच पुस्तक दोनदा केलं म्हणून कोण छापेल? आणि खरं सांगू? मला आता ते शब्द आठवत नाहीत. परवा हिने तक्ता काढायला घेतला, तर मी म्हटलं राहू दे, आणि मग मलाच एक अक्षर सांगता आलं नाही. सव्वीस वर्षं मी त्या भाषेत बोल्ट पिळले." त्यांनी हाताने पिळल्यासारखं केलं आणि हात मांडीवर ठेवला. "जा तुम्ही. ऑफिसला उशीर होईल."

मी जिना उतरले. काकूंनी दार लावल्याचा आवाज आला नाही. बहुतेक त्या तशाच उभ्या असाव्यात.

काका त्यानंतर दीड वर्ष जगले. न्यूमोनिया झाला, आठ दिवस इस्पितळात होते. शेवटचे दोन दिवस ते रशियन बोलत होते म्हणे. तिथल्या परिचारिकांना वाटलं वातात बरळताहेत. काकूंना आवाज सगळे ओळखू येत होते, कुठलं अक्षर कुठलं तेही कळत होतं, अर्थ मात्र लागत नव्हता. "काही मागत असतील का गं?" त्यांनी मला विचारलं. "पाणी मागत असतील, आणि मी नुसती ऐकत बसलेली असेन."

हा शब्द कसा होता, तो कसा होता, असं त्यांनी दोन-चार शब्द म्हणून दाखवले. मी ते देवनागरीत लिहून घेतले आणि विद्यापीठात रशियन शिकवणाऱ्या एका बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. एक शब्द 'घट्ट' असावा, म्हणाल्या, आणि एक बहुधा 'उद्या'. बाकीचे ऐकण्यात चुकले असतील. त्यांत पाणी असं काही नव्हतं. मी काकूंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, "बरं."

काकू मुलीकडे राहायला गेल्या. घर आवरायला मी गेले होते. शब्दकोश वाचनालयाला दिले, बारा वह्या काकूंनी स्वतःच्या बॅगेत कपड्यांखाली ठेवल्या. तिसऱ्या खंडाच्या छापील प्रतींचं खोकं तसंच होतं, वरची एक प्रत सोडली तर बाकी दोरीने बांधलेली. मी विचारलं, "यांचं काय करू?" काकू भिंतीवरच्या तक्त्याच्या चिकटपट्ट्या नखाने सोडवत होत्या. म्हणाल्या, "तूच घेऊन जा. तुझं काम आहे ते."

मी खोकं उचललं. तीन मजले उतरताना दोनदा टेकवावं लागलं.

या वर्षी मालकांनी तिन्ही खंडांची नवी आवृत्ती काढली. तिसऱ्याची आतली पानं माझ्याकडे आली. मी अनुवादकाच्या नावावर लाल रेघ मारून समासात लिहिलं, हे नाव काढावे. पान मालकांकडून परत आलं तेव्हा माझ्या रेघेखाली टिंबं दिलेली होती. आमच्या कामात टिंबांचा अर्थ होतो, होतं तसंच ठेवा. पुस्तक तसंच छापून आलं.